कालचं जेवण

बिबवेवाडीत औषधांच्या दुकानावरची खोली.
टेबलावर पाच वाट्या, तीन डाव,
भाकरीच्या मापाची पुठ्ठ्याची चकती.
माझं काम एवढंच : माणसाला त्याचं काल विचारायचं.
उठल्यापासून निजेपर्यंत पोटात काय गेलं,
आणि कोणत्या वाटीनं.

नोंद क्रमांक एकशे बारा. सुदाम खळदकर,
वय बावन्न, बस कंडक्टर, कात्रज डेपो.
काट्यावर चढण्याआधी किल्ल्या, पास, चिल्लर
सगळं माझ्यापुढे काढून ठेवलं.
एकशे एक किलो.
"म्हणजे चिल्लरचा दोष नव्हता," म्हणाले.

मापं त्यांना पटेनात. ते किमतीत जेवतात.
"पहाटे दहाचा चहा, पाचचा बिस्कीटपुडा.
डेपोत चाळीसची पुरीभाजी, भाजी बटाट्याची.
स्वारगेटला वडापाव. दोन. नाही, तीन लिहा,
तुमच्याशी खोटं कशाला."
पालेभाजी?
लांबून येणाऱ्या बसची पाटी वाचावी
तसे त्यांनी डोळे बारीक केले.
"होती की. चाकवत. ताकातला."
किती?
सगळ्यांत मोठी वाटी उचलून आत पाहिलं.
"ही भरून."
घरी स्वयंपाक कोण करतं?
"शैला करते."
मी लिहिलं : पत्नी.

फोलेट हे नाव परकं, पण त्याचंही मूळ पानातच.
मेथीत असतं, अंबाडीत, राजगिऱ्यात, मुगात.
भाजी उकळून पाणी मोरीत ओतलं
की पाण्याबरोबर जातं.
जाड माणसांच्या रक्तात ते कमी का भरतं
यावर आमच्याकडे दर गुरुवारी वाद होतो :
खातच नाहीत, की खाल्लेलं
एवढ्या ऐसपैस देहात पातळ होतं?
सर फळ्यावर बाण काढतात.
मी बिस्किटं खाते. माझं वजन कुणी विचारत नाही.

खळदकरांचा रिपोर्ट आला.
रक्तद्रवात फोलेट फारच कमी,
तांबड्या पेशींत भरपूर.
सर म्हणाले, नळ्या बदलल्या असतील, बघ.
नळ्या बदलल्या नव्हत्या.

रक्तद्रवाला फार मागचं आठवत नाही,
गेले काही दिवस, बस्स.
तांबडी पेशी चार महिने जगते,
घडताना जे मिळालं ते घेऊन फिरत राहते,
नंतर कुणी दिलं तरी घेत नाही.
मी कॅलेंडर ओढलं, बोट मागे मागे नेलं,
फेब्रुवारी, जानेवारी,
कुठे थांबायचं ते कळेना.

पुढच्या सोमवारी ते आले. बसायच्या आधीच म्हणाले,
"मॅडम, त्या कागदावर 'करते' लिहिलंय ना तुम्ही?
तिथं 'करायची' करा."
मी लिहिलं होतं नुसतं पत्नी,
क्रियापद लिहायला फॉर्मात जागाच नाही.
तरी पेन घेतलं
आणि समासात लिहिलं, करायची.
"आणि तो चाकवतही खोडा. काल नव्हता तो."

पेशींचं सांगितलं त्यांना, जमेल तसं.
ऐकून म्हणाले, "अजून किती दिवस पुरेल?"
म्हटलं, उन्हाळा अर्धा सरेपर्यंत, हळूहळू कमी होत.
गोळ्यांचं डॉक्टर सांगतील. तोवर पालेभाजी खा.
"खाईन की. पण ताकातल्या चाकवताला
डाळीचं पीठ आधी लावायचं का नंतर?"

मी तीन वर्षं मेसचा डबा खाते.
कोणत्या भाजीत काय किती, शंभर ग्रॅमला, तोंडपाठ आहे.
पिठाचं ठाऊक नव्हतं.

दोघंही त्या रिकाम्या वाट्यांकडे बघत राहिलो.
खाली रस्त्यावर ब्रेक कचकचले.
खिडकीकडे न पाहता खळदकर म्हणाले,
"अप्परची गाडी. आज लेट आहे."
आणि चिल्लर मोजून खिशात टाकली.